अंगावर काढू नये असे दुखणे

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने 'आरोग्य' ह्या विषयावर चार शब्द लिहावेत अशी आज्ञा केली, तेव्हा आम्ही थोडे घोटाळलो. आम्ही वैद्य नव्हे. मुलींच्या शाळेत शास्त्र हा विषय शिकविणे हा आमचा पेशा. परंतु गेली काही वर्षे ट्रस्टच्या वैद्यकीय मदत समितीवर बसून अर्ज वाचण्याचे कामही आमच्याकडे आहे, आणि त्या अर्जांनीच हा विषय आमच्यापुढे ठेवला. हृदयविकाराचा, मूत्रपिंडाचा, मोडलेल्या हाडाचा अर्ज असला की दुखण्याचे नाव स्वच्छ लिहिलेले असते. घरातील स्त्रीच्या कर्करोगाचा अर्ज मात्र 'पोटाचे दुखणे', 'आतली गाठ', 'बायकांचा आजार' अशा आडपडद्याने येतो, आणि बहुधा फार उशिरा येतो. ज्या दुखण्याचे नाव घेण्याची घरात लाज वाटते, ते दुखणे तपासले तरी कसे जावे? म्हणून ह्या लेखात आम्ही ती नावे सरळ घेणार आहोत. वाचकांनी, विशेषतः घरातील कर्त्या पुरुषांनी, हा लेख बायकांचा म्हणून बाजूस सारू नये अशी विनंती आहे.

स्त्रीच्या जननेंद्रियांत कर्करोग होण्याच्या मुख्य जागा पाच आहेत: गर्भाशयाचे मुख, गर्भाशयाचे आतील अस्तर, अंडाशय, योनिमार्ग आणि बाह्यांग. पैकी आपल्या देशात सर्वांत अधिक आढळतो तो गर्भाशयमुखाचा, म्हणजे आपल्याकडे ज्यास 'पिशवीचे तोंड' म्हणतात त्या जागेचा. २०२२ सालच्या जागतिक अंदाजाप्रमाणे भारतात त्या एका वर्षात सुमारे सव्वा लाख स्त्रियांना हा रोग नव्याने झाला आणि सुमारे ऐंशी हजार स्त्रिया त्याने दगावल्या. दुःखाची गोष्ट ही की, सर्व कर्करोगांत जे थोडे रोग आधी ओळखून रोखता येतात, त्यांत ह्याचा क्रमांक फार वरचा लागतो. जो रोग टाळता येण्याजोगा आहे त्यानेच इतकी माणसे जावीत, ह्यात दोष रोगाचा कमी आणि आपल्या संकोचाचा व गैरसोयीचा अधिक आहे.

रोग होतो कसा?

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मूळ कारण आता निश्चित ठाऊक झाले आहे. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस नावाचा एक विषाणू आहे. त्याचे प्रकार शंभराहून अधिक असून त्यांपैकी डझनभर प्रकार कर्करोगास कारण होतात. त्यांतही १६ आणि १८ ह्या क्रमांकांचे दोन प्रकार मिळून सुमारे सत्तर टक्के रोग्यांस जबाबदार असतात. हा शोध लावणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन ह्यांस २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हा विषाणू पतिपत्नींच्या शरीरसंबंधातून पसरतो. येथे एक गोष्ट ठळकपणे सांगावयास हवी. हा विषाणू इतका सर्वत्र आहे की बहुतेक विवाहित स्त्रीपुरुषांस तो आयुष्यात केव्हा ना केव्हा गाठतोच. तेव्हा एखाद्या स्त्रीस हा रोग झाला म्हणून तिच्या किंवा तिच्या नवऱ्याच्या वर्तनाविषयी कुजबुज करणे हे अज्ञान तर आहेच, शिवाय अन्यायही आहे. लागण झालेल्या बहुसंख्य स्त्रियांच्या शरीरातून हा विषाणू एकदोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. थोड्याच स्त्रियांत तो ठाण मांडून बसतो आणि गर्भाशयमुखाच्या पेशींत हळूहळू बदल घडवू लागतो. ह्या बदलांचा कर्करोग होण्यास साधारणतः पंधरा ते वीस वर्षे लागतात. एचआयव्हीची बाधा असून उपचार नसतील तर हा काळ बराच कमी होतो. तंबाखूच्या सेवनानेही धोका वाढतो, आणि मिश्री लावणाऱ्या आमच्या भगिनींनी हे ध्यानात ठेवावे.

ही पंधरा-वीस वर्षे म्हणजे निसर्गाने दिलेली मुदत होय. तिचा उपयोग करणे किंवा न करणे आपल्या हाती आहे.

हा रोग स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने, एका बिछान्यावर निजल्याने किंवा रोग्याचे कपडे धुतल्याने होत नाही. रोगी स्त्रीचे ताट-वाटी वेगळी करणारी घरे आम्ही पाहिली आहेत. त्या माउलीस रोगाहून ते वेगळे ताट अधिक लागते.

कोणती लक्षणे पाहावीत?

पेशींतील आरंभीच्या बदलांची कोणतीच लक्षणे नसतात. म्हणून काही होत नसतानाही तपासणी करावयाची असते. पुढे जी लक्षणे दिसतात ती अशी: दोन पाळ्यांच्या मधे रक्त जाणे, शरीरसंबंधानंतर रक्त जाणे, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्ताचा डाग दिसणे, आणि दुर्गंधी येणारे किंवा रक्तमिश्रित पाणी अंगावरून जाणे. कंबर व ओटीपोट सतत दुखणे, एका पायास सूज येणे, लघवीस त्रास होणे ही बहुधा वाढलेल्या रोगाची चिन्हे असतात.

पैकी पाळी गेल्यावर दिसणारे रक्त हे लक्षण आम्ही पुन्हा सांगतो. पन्नाशी-साठीच्या स्त्रीस डाग दिसला की 'पाळी परत आली' किंवा 'उष्णता झाली' असे म्हणून शेजारीण, जाऊ, नणंद तिची समजूत घालतात. एक वर्ष बंद राहिलेली पाळी परत येत नसते. तो डाग एकच असो वा थेंबभर असो, तो डॉक्टरला दाखविलाच पाहिजे. पुष्कळदा कारण साधेच निघते. परंतु साधे आहे हे तपासल्यावर ठरवावयाचे असते, तपासण्यापूर्वी नव्हे.

दुसरी गोष्ट, अंगावरून पाणी जाणाऱ्या प्रत्येक स्त्रीस कर्करोग नसतो. साध्या जंतुदोषानेही तसे होते. परंतु औषध घेऊनही ते थांबत नसेल तर पुन्हापुन्हा तीच गोळी आणण्यापेक्षा आतून तपासून घ्यावे. नुसती नाडी पाहून किंवा पोटावरून हात फिरवून हा रोग कळत नाही. योनिमार्गात स्पेक्युलम नावाचे साधन घालून गर्भाशयमुख डोळ्यांनी पाहिले पाहिजे. स्त्रीडॉक्टर हवी असे वाटत असेल तर तसे मोकळेपणी सांगावे. ती मागणी रास्त आहे. मात्र स्त्रीडॉक्टर मिळेपर्यंत महिनोन्महिने थांबणे रास्त नाही.

तपासणीच्या तीन रीती

पहिली रीत पॅप चाचणी. ग्रीसमध्ये जन्मलेले व पुढे न्यूयॉर्क येथे संशोधन करणारे डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ ह्यांनी १९२८ साली ती प्रथम मांडली, आणि १९४३ साली डॉ. ट्रॉट ह्यांच्यासह ग्रंथ प्रसिद्ध केल्यावर ती सर्वत्र रूढ झाली. गर्भाशयमुखावरील पेशी हलक्या हाताने खरवडून काचेवर घेतात व सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. जेथे ही चाचणी वर्षानुवर्षे नेमाने होते त्या देशांत ह्या रोगाचे मृत्यू पुष्कळच घटले. तिला प्रयोगशाळा आणि तरबेज माणूस लागतो, म्हणून खेड्यांत ती रुजणे कठीण जाते.

दुसरी रीत फार सोपी आहे. गर्भाशयमुखास तीन ते पाच टक्क्यांचे ॲसेटिक ॲसिड, म्हणजे साधारण सिरक्याच्या जातीचे पाणी, कापसाने लावतात आणि एक मिनिट थांबतात. बिघडलेल्या पेशींची जागा पांढरी पडते. निर्णय तेथल्या तेथे कळतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांत ह्या रीतीचा दीर्घकाळ अभ्यास केला. डॉक्टर नसलेल्या, थोड्या मुदतीचे शिक्षण दिलेल्या स्त्रियांनी दर दोन वर्षांनी ही तपासणी केली, आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. हा निष्कर्ष २०१३ साली जाहीर झाला.

तिसरी रीत म्हणजे विषाणूचीच चाचणी. तिचा मोठा पुरावा आपल्या मराठी मुलुखातलाच आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत १९९९ सालापासून एक अभ्यास झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधील लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था ह्यांनी तो मिळून केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे गावांप्रमाणे चार गट केले होते. आठ वर्षांनी पाहता, ज्या गटात विषाणूची चाचणी आयुष्यात केवळ एकदा केली त्यात ह्या रोगाने ३४ स्त्रिया दगावल्या होत्या. ज्या गटात नेहमीची व्यवस्थाच चालू होती त्यात ६४ दगावल्या. २००९ साली हे प्रसिद्ध झाले, तेव्हा जगभरच्या वैद्यांचे लक्ष आपल्या मराठवाड्याकडे वळले. अशा अभ्यासांत तुलनेच्या गटातील स्त्रियांना तपासणी मिळाली नाही, ह्याबद्दल पुढे टीकाही झाली, आणि ती विचार करण्याजोगी आहे. त्या स्त्रियांचे ऋण फेडण्याचा मार्ग एकच: जे त्यांच्यामुळे कळले ते आपण आचरणात आणणे.

ह्या तिसऱ्या चाचणीची एक सोय अशी की तिचा नमुना स्त्रीस स्वतःच्या हाताने, आडोशाला जाऊन घेता येतो. संकोचाचे निमित्त पुढे करणाऱ्या घरांनी ह्याचा विचार करावा.

आपल्या केंद्र सरकारच्या २०१६ सालच्या मार्गदर्शनाप्रमाणे ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांनी दर पाच वर्षांनी ॲसेटिक ॲसिडची तपासणी करून घ्यावी. चाचणीत दोष निघाला म्हणजे कर्करोग झाला असे समजू नये. त्यानंतर कॉल्पोस्कोप नावाच्या भिंगातून ती जागा मोठी करून पाहतात आणि जरूर वाटल्यास कणभर तुकडा काढून तपासतात. बदल कर्करोगापूर्वीचे असतील तर ती जागा उष्णतेने जाळून किंवा विजेच्या तारेने कापून काढतात. बहुतेकींना त्याच दिवशी घरी जाता येते, पिशवी जागेवर राहते आणि पुढे मूल होण्यास सहसा अडचण येत नाही. एवढ्या लहानशा उपायाने पुढील महासंकट टळते.

तुकडा काढण्याची भीती

'तुकडा काढला की रोग भडकतो' ही समजूत आमच्याकडे इतकी पक्की आहे की सुशिक्षित घरांतही ती ऐकू येते. ती खोटी आहे. तुकडा तपासल्यावाचून कर्करोग निश्चित म्हणता येत नाही आणि उपचारही ठरविता येत नाहीत. रोग भडकतो तो तुकड्याच्या भीतीने घालविलेल्या महिन्यांत.

ह्याच्या उलट टोकाची चूक म्हणजे अंगावरून रक्त जाते म्हणताच, काही न तपासता 'पिशवीच काढून टाका' असे म्हणणे. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या अनेक स्त्रियांच्या पिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९ साली चव्हाट्यावर आला, तो वाचकांस आठवत असेल. बहुतेक साध्या दुखण्यांस ह्या शस्त्रक्रियेची गरज नसते. आणि जर आत खरोखरच कर्करोग असेल, तर साध्या रीतीने पिशवी काढणे अपुरे पडते व पुढील उपचार अवघड होऊन बसतात. म्हणून शस्त्रक्रियेस संमती देण्यापूर्वी 'तोंडाची तपासणी झाली का? तुकड्याचा अहवाल काय आला?' हे दोन प्रश्न नवऱ्याने किंवा मुलाने नम्रपणे पण अवश्य विचारावेत.

उपचार आणि त्यांचे वेळापत्रक

रोग निश्चित झाल्यावर सीटी स्कॅन किंवा एमआरआय करून तो कोठवर गेला आहे हे पाहतात. त्यावरून चार अवस्था मानतात. पहिलीत रोग गर्भाशयमुखापुरताच असतो, चौथीत तो मूत्राशय, गुदाशय किंवा दूरच्या अवयवांत पोहोचलेला असतो. पहिल्या अवस्थेत नीट उपचार झाल्यास दहांपैकी आठ-नऊ स्त्रिया पाच वर्षांनंतरही हयात असतात. चौथीत हे प्रमाण फार खाली येते.

लहान गाठ असेल तर मोठी शस्त्रक्रिया करून पिशवी व आजूबाजूचा भाग काढतात. गाठ मोठी असेल किंवा रोग आजूबाजूस पसरला असेल तर किरणोपचार हाच मुख्य उपाय. बाहेरून दिले जाणारे किरण आठवड्यातून पाच दिवस, सुमारे पाच आठवडे देतात. जोडीला बहुधा आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन हे औषध शिरेतून देतात. त्यानंतर योनिमार्गातून आत साधन ठेवून काही वेळा जवळून किरण देतात. हे सर्व आठ आठवड्यांच्या आत पुरे व्हावे असा दंडक आहे.

आमच्या समितीस सर्वांत अधिक हळहळ वाटते ती येथे. दोन-तीन आठवड्यांत रक्त जाणे थांबते, स्त्रीस बरे वाटू लागते आणि घरची माणसे तिला परत आणतात. कोणाचे लग्न असते, कोणाची सुगी असते, सोबतच्या माणसाची रजा संपलेली असते, परगावी राहण्याचे पैसे संपलेले असतात. रक्त थांबणे म्हणजे रोग जाणे नव्हे. आतून द्यावयाचे किरण राहून गेले तर आधीचे सारे कष्ट बव्हंशी वाया जातात. आमच्या मुस्लिम भगिनी रमजानात उपचार पुढे ढकलू पाहतात. आजाऱ्यास रोजे पुढे ठेवण्याची सवलत धर्मानेच दिलेली आहे, आणि सिस्प्लॅटिन चालू असताना भरपूर पाणी पिणे मूत्रपिंडांसाठी आवश्यक असते. आषाढीची वारी असो, जत्रा असो, तीही पुढल्या वर्षी करता येईल.

उपचारांत जुलाब, लघवीची जळजळ, थकवा हे त्रास होतात व बहुतेक ओसरतात. तरुण स्त्रीची पाळी बंद होते. पुढे पहिली दोन वर्षे दर तीन-चार महिन्यांनी दाखवीत राहावे लागते. आणि ज्यांचा रोग बरा होण्यापलीकडे गेला आहे त्यांच्यासाठीही वैद्यकात पुष्कळ करण्यासारखे असते. मॉर्फिनच्या गोळ्यांनी वेदना आवरतात, दुर्गंधी कमी करता येते. 'आता काही उपाय नाही' म्हणून त्या स्त्रीस कण्हत ठेवू नये.

इतर जागांचे कर्करोग

गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग बहुधा पाळी गेल्यावर होतो. स्थूलपणा आणि मधुमेह ह्यांशी त्याचे नाते आहे. रक्ताचा डाग हे त्याचे मुख्य लक्षण, आणि ते लवकर दिसत असल्याने वेळेवर गेल्यास शस्त्रक्रियेने बहुतेक स्त्रिया बऱ्या होतात. सोनोग्राफीने अस्तराची जाडी पाहतात व अस्तराचा अंश काढून तपासतात.

अंडाशयाचा कर्करोग मात्र लबाड आहे. पोट फुगणे, दोन घासांतच पोट भरणे, वारंवार लघवीस जावे लागणे अशी त्याची लक्षणे अपचनासारखी भासतात. पन्नाशीच्या पुढील स्त्रीस ही तक्रार नवीनच सुरू होऊन रोज रोज राहिली तर पाचक चूर्णावर न थांबता सोनोग्राफी व सीए १२५ ही रक्ततपासणी करावी. निरोगी स्त्रियांची सरसकट तपासणी करून ह्या रोगाचे मृत्यू कमी होतात असे आढळलेले नाही. म्हणून येथे लक्षणांवरच नजर ठेवावी लागते. आई, बहीण किंवा मावशीस स्तनाचा वा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल तर ते डॉक्टरांस अवश्य सांगावे, कारण काही घराण्यांत हा दोष वारशाने येतो.

बाह्यांगावरील न भरणारी जखम किंवा वर्षानुवर्षांची खाज हीही दाखवावी. आणि द्राक्षगर्भ पडल्यावर डॉक्टर जी रक्ताची तपासणी पुन्हापुन्हा करावयास सांगतात ती टाळू नये. त्यातून क्वचित उद्भवणारा कर्करोग १९५६ पासून मेथोट्रेक्सेट ह्या औषधाने बरा होऊ लागला. आज तो सर्वांत चांगला बरा होणाऱ्या कर्करोगांपैकी एक आहे.

मुलींसाठी लस

विषाणूविरुद्ध लस २००६ साली निघाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनविलेल्या देशी लसीस २०२२ साली मान्यता मिळाली. ही लस ९ ते १४ ह्या वयात, म्हणजे विषाणूशी गाठ पडण्यापूर्वी दिली असता सर्वांत उपयोगी पडते. सिक्कीम राज्याने २०१८ साली शाळांतून ती बहुतेक सर्व मुलींस दिली. एकाच मात्रेने चांगले संरक्षण मिळते असे भारतातील मुलींच्या अभ्यासातही दिसून आले आहे. तिने वंध्यत्व येते ही अफवा निराधार आहे. लस घेतलेल्या मुलीने पुढे तिशीनंतर तपासणीही करावी, कारण लस सर्व प्रकारांस पुरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली असे ध्येय ठेवले आहे की २०३० पर्यंत शेकडा ९० मुलींस लस मिळावी, शेकडा ७० स्त्रियांची तपासणी व्हावी आणि रोग आढळलेल्या शेकडा ९० स्त्रियांवर उपचार व्हावेत. एवढे साधले तर हा रोग कालांतराने विरळा होईल.

ट्रस्टपुढे तीन सूचना

महोत्सवाच्या वर्षी मागण्याचा हक्क सर्वांस असतो, म्हणून आम्हीही मागून घेतो. पहिली सूचना, ट्रस्टने दरवर्षी एक दिवस ठरवून, स्त्रीडॉक्टर बोलावून, ३० ते ६५ वयाच्या सभासद स्त्रियांची तपासणी करावी, आणि ज्यांच्यात दोष निघेल त्यांची नावे गुप्त ठेवून त्यांस पुढील उपचारापर्यंत पोहोचवावे. नुसते शिबिर भरवून छायाचित्र काढणे पुरेसे नाही. दुसरी, उपचाराच्या खर्चास सरकारी विमा योजनांचा आधार पुष्कळांस मिळतो. खोळंबा होतो तो राहण्याजेवण्यापायी व सोबतच्या माणसापायी. बेळगाव भागातून मिरजेस, हुबळीस, मुंबईस जाणाऱ्या रोगी स्त्रीच्या आठ आठवड्यांच्या मुक्कामाची व सोबतीची तजवीज मदत निधीतून प्रथम व्हावी. तिसरी, ज्या मुलींच्या पालकांस लस परवडत नाही त्यांची यादी शाळांकडून मागवावी. ते काम आम्ही आनंदाने करू.

ही स्मरणिका घरोघरी जाईल. ती कपाटात ठेवण्यापूर्वी वाचकांनी घरातील स्त्रियांची वये एका कागदावर लिहावीत आणि तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीस, मग ती आई असो, सासू असो, वा घरी भांडी घासावयास येणारी बाई असो, तपासणी झाली आहे का, एवढे विचारावे. नसल्यास ती कधी करावयाची ते त्याच कागदावर लिहावे.